मुंडा बिडीवर चार दिवस: दोस्तांबरोबर जंगलातून सायकल नेताना

मुंडा बिडी या जंगलातल्या सायकलवाटेवर पहिल्या वेळी आम्ही पाच जण होतो आणि पाचही जणांचं गणित चुकलं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये स्वान नदीकाठच्या गुळगुळीत सायकल-रस्त्यावर रविवारी साठ-सत्तर किलोमीटर आम्ही गप्पा मारत मारतो. त्या हिशेबाने 'मुंडारिंगहून पहिली हट (वाटेवरची मुक्कामाची शेड) चाळीसेक किलोमीटर, म्हणजे जेवायच्या वेळेला पोचलोच' असं ठरलं. पोचलो तेव्हा अंधार पडून अर्धा तास झाला होता. एकाचं कोपर सोलवटलं होतं, दोघांचं पाणी संपलं होतं आणि आमचा सातारकर कुणाशीच बोलत नव्हता. त्याच्या रागाचं कारण पुढे येईल.

त्यानंतर हीच वाट आणखी तीनदा केली. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या किंवा इकडे येऊन काही दिवस सायकल मारायची इच्छा असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. मांडणी आम्ही ज्या क्रमाने तयारी करतो त्याच क्रमाने आहे.

मुंडा बिडी हे नाव ऐकून आपल्याला हसू येतं, पण तिचा बिडीशी संबंध नाही. इथले मूळ रहिवासी असलेल्या नूंगार लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ जंगलातून जाणारी वाट. पर्थच्या पूर्वेला डोंगरावर असलेल्या मुंडारिंगपासून दक्षिण किनाऱ्यावरच्या अल्बनीपर्यंत ही वाट हजार किलोमीटरहून थोडी जास्त आहे. २०१३ साली ती पूर्ण झाली. जवळजवळ सगळी कच्ची: जुने लाकूडतोडीचे रस्ते, उखडलेल्या रेल्वेमार्गांचे भराव, आणि मध्येमध्ये खास सायकलसाठी कापलेली पायवाटेएवढी अरुंद वाट. हजार किलोमीटर करायला तीन आठवडे लागतात. नोकरी करणाऱ्या मित्रांना एकत्र आणायचं तर त्यातला मुंडारिंग ते ड्वेलिंगप हा साधारण दीडशे किलोमीटरचा पहिला तुकडा उत्तम. चार दिवस, तीन मुक्काम.

कधी जायचं

डिसेंबर ते मार्च विसरा. पारा चाळिशीला टेकतो, वणव्याचा धोका असतो आणि वाट कुठेही, कधीही बंद होऊ शकते. जून-जुलैत पाऊस, रात्री तीन-चार अंशांपर्यंत थंडी, आणि सव्वापाच-साडेपाचला अंधार. एप्रिलअखेर ते मे चालतं, पण जमीन कोरडी असल्याने खडी सुटी असते. माझी पसंती सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर. नूंगार लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात, त्यातल्या जिल्बा आणि कंबारंग यांच्या सांध्यावरचे हे दिवस. जमीन किंचित ओलसर, टाक्यांत पाणी, आणि जॅराच्या झाडांखाली पिवळ्या-जांभळ्या रानफुलांचा सडा.

याच दिवसांत मॅगपाय पक्षी पिल्लांसाठी पिसाळलेले असतात. मागून येऊन थेट हेल्मेटवर टोच मारतात. लोक हेल्मेटला प्लॅस्टिकच्या टाय उभ्या बांधून साळिंदर होऊन फिरतात. उपयोग किती होतो देव जाणे, पण मीही बांधतो. हा त्रास गावांजवळ जास्त, दाट जंगलात कमी.

आखणी: किलोमीटर नको, तास मोजा

या वाटेवर सामान लादलेल्या सायकलचा वेग ताशी आठ ते दहा किलोमीटर पडतो. थांबे, फोटो, पंक्चर आणि 'दोन मिनिटं थांब रे' धरून. आमचा नियम असा: गटातल्या सगळ्यात हळू माणसाचा कच्च्या रस्त्यावरचा वेग घ्यायचा, त्याने अंतराला भागायचं, आणि वर दीड तास ठेवायचा. येणारा आकडा सूर्यास्ताच्या दोन तास आधी संपत नसेल तर निघायची वेळ अलीकडे आणायची.

पहिला दिवस मुंडारिंग ते कॅरिन्या, सुमारे ४० किलोमीटर. सुरुवातीलाच मुंडारिंग धरणाजवळून वाट जाते. १९०३ साली इथून ५३० किलोमीटर लांबच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नळाने पाणी गेलं. ज्या इंजिनियरने हे सगळं उभं केलं, तो सी. वाय. ओ'कॉनर, टीकेच्या भडिमारात आदल्या वर्षीच जीव देऊन बसला होता. धरणावर दहा मिनिटं थांबा, अर्धा तास नको. पहिल्या दिवशी इथेच वेळ जातो. मग चढ-उतार सुरू होतात.

दुसरा दिवस कॅरिन्या ते वंगाँग, साधारण ३५. मध्ये अल्बनी हायवे ओलांडायचा असतो. जंगलाच्या तंद्रीत तिथे येऊन भरधाव धावणारे ट्रक समोर येतात, म्हणून सगळ्यांनी उतरून, एकत्र जमून ओलांडायचा.

तिसरा दिवस वंगाँग ते डँडलप, ४० च्या आसपास, आणि माझ्या मते चारातला सर्वांत सुंदर. मध्ये जॅराडेल लागतं. १८७० च्या दशकात लाकडाच्या गिरणीभोवती वसलेलं गाव. इथलं जॅराचं लाकूड लंडनच्या रस्त्यांत ठोकळे म्हणून बसवलं गेलं आणि रेल्वेचे स्लीपर म्हणून भारतातही गेलं. आमच्यातल्या नाशिककराचे आजोबा रेल्वेत गँगमन होते. तिथल्या एका बुंध्यावर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला, आणि आम्ही त्याची थट्टा करायची सोडून दिली. जॅराडेलला दुकान आहे, गरम काहीतरी खाऊन घ्या. डँडलपची हट डार्लिंग कड्याच्या काठावर आहे. खाली किनारपट्टीचं मैदान, पलीकडे समुद्र, आणि सूर्य थेट त्यात बुडतो. सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोचायचा नियम खरं तर या एका हटसाठीच केलाय.

चौथा दिवस डँडलप ते ड्वेलिंगप, ३५ च्या आतबाहेर, शेवटी बऱ्यापैकी सोपा.

निघायच्या आदल्या दिवशी वाटेच्या अधिकृत संकेतस्थळावर बदल बघायलाच हवेत. मुद्दाम लावलेले नियंत्रित वणवे आणि बॉक्साइटच्या खाणी यांमुळे वाट तात्पुरती वळवलेली असते. फोनवरचा नकाशा जुना असेल तर तो तुम्हाला खाणीच्या कुंपणापर्यंत नेऊन सोडतो. छापील नकाशा एका तरी माणसाकडे हवा.

हटचं बुकिंग नसतं, पैसे नसतात. तीन बाजूंनी बंद शेड, आत झोपायचे लाकडी ओटे, पावसाच्या पाण्याची टाकी, संडास, सायकली ठेवायला जागा. जो आधी येईल त्याचा ओटा. म्हणून हलका तंबू न्यायचाच. आठ-दहा जणांचा गट असेल तर आधी कळवा. शनिवारी रात्री शाळेची पोरं आली तर ओटा मिळत नाही. हटमध्ये वही असते, तिच्यात नाव, तारीख आणि पुढचा मुक्काम लिहा. उद्या तुम्हाला शोधायची वेळ आली तर शोधणारे आधी तीच वही उघडतील.

सायकल

महागडी फुल-सस्पेन्शन लागत नाही. पुढे शॉकअप असलेली साधी हार्डटेल सगळ्यांत बरी, कारण मागे सामान बांधायला जागा मिळते. टायर मात्र २.२ इंचाच्या खाली नको. आमच्यातल्या एकाने हट्टाने बारीक टायरची ग्रॅव्हल बाईक आणली आणि चार दिवसांतला एक दिवस चालत काढला.

ट्यूबलेस करून घ्या. माझं वजन ७४ किलो, सामान नऊ किलो, तर मी पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय हवा ठेवतो. ट्यूब वापरणार असाल तर चार-पाच पीएसआय वाढवा, नाहीतर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. गिअर शक्य तितका हलका हवा. मागे ५० दातांची चकती असेल तर चौथ्या दिवशी तिचे आभार मानाल.

गटात मिळून हे असू द्या: दोन पंप, चेन तोडायचं हत्यार, प्रत्येकाच्या चेनला बसेल अशी क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), ट्यूबलेसचे प्लग, प्रत्येकी एक ट्यूब, ब्रेक पॅडची जोडी. आणि डिरेलरचा, म्हणजे मागचे गिअर बदलणाऱ्या भागाचा, हँगर. सायकल उजव्या अंगावर पडली की हाच बिचारा बोटभर तुकडा वाकतो, आणि तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. दुकानात 'द्या एक' म्हणून मिळत नाही, आधी मागवावा लागतो.

मटारखडी

आता मुख्य गोष्ट. मुंडा बिडीवर लोक पडतात ते चढामुळे नाही, उतारामुळेही नाही, खडीमुळे पडतात. इथे तिला पी ग्रॅव्हल म्हणतात, आम्ही मटारखडी म्हणतो. मुठीत घेऊन बघा: तांबूस-तपकिरी, गुळगुळीत, वाटाण्यापासून बोराएवढे गोळे, लोखंडासारखे जड. हा आपल्या जांभ्याचाच चुलतभाऊ. महाबळेश्वर-रत्नागिरीकडे जांभा चिऱ्याच्या रूपात भेटतो, इथे लाखो वर्षांत त्याच्या गोळ्या वळल्या आणि कठीण जमिनीवर तशाच सांडून राहिल्या. फरशीवर साबुदाणा सांडलाय आणि त्यावरून चालायचंय, असं समजा.

पहिल्यांदा पुढचं चाक त्यात शिरलं की हँडल आपोआप डावी-उजवीकडे पोहायला लागतं. आपण घाबरून हँडल घट्ट धरतो आणि पुढचा ब्रेक दाबतो. झालं, चाक आडवं होतं आणि माणूस पुढे जातो. माझं कोपर असंच गेलं.

करायचं ते उलट. पुढचा ब्रेक खडीत शिरायच्या आधी वापरून घ्या, आत शिरल्यावर त्याला हात नको, मागचाच हळू दाबा. बूड सीटवर थोडं मागे सरकवा म्हणजे पुढचं चाक हलकं होईल. हँडल सैल धरा, इतकं सैल की बोटं मोकळी हलतील. सायकल थोडी नाचणार, नाचू द्या. पेडल थांबवू नका, एक गिअर जड ठेवून सावकाश पण सतत मारत राहा. थांबलात की रुतलात. नजर चाकाखाली नको, पंधरा-वीस मीटर पुढे. तिथे गाड्यांच्या चाकांनी दाबलेला, खडी बाजूला गेलेला गडद पट्टा दिसतो, त्यावर राहा. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जायचं तर मधली खडीची रांग तिरकी नाही, जमेल तितकी सरळ कापा.

आणि चढावर चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर उतरून ढकला. त्यात लाज कसली. खडीत पाच मिनिटं झगडून जो दम लागतो तो दोन मिनिटं चालून लागत नाही.

निघायच्या आठवडाभर आधी मित्रांना घेऊन अशा कुठल्यातरी कच्च्या उतारावर तासभर सराव करा. रिकाम्या सायकलवर एकदा आणि सामान लादून एकदा. दोन्हींत फरक किती पडतो ते तिथेच कळतं.

दोस्त

सातारकराचा राग. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही चौघे पुढे होतो. एका फाट्यावर वाट डावीकडे वळत होती, खूण झाडाआड होती. आम्हाला दिसली, आम्ही वळलो. मागून आलेला सातारकर सरळ गेला. पन्नास मिनिटांनी तो परत आला तोवर आम्ही दोनशे मीटर पुढे सावलीत चिवडा खात बसलो होतो, आणि त्याला सर्वांत जास्त ती चिवड्याची पिशवी लागली.

तेव्हापासून आमच्यात एकच कडक नियम आहे. कुठल्याही फाट्यावर, मागचा माणूस डोळ्यांनी दिसेपर्यंत पुढच्याने हलायचं नाही. तो दिसला, त्याने हात वर केला, मग निघायचं. असं शेवटच्यापर्यंत. सगळ्यांत शेवटी एक 'शेपूट' ठेवायचं: तो गटातला दमदार माणूस हवा, त्याच्याकडे हत्यारं आणि औषधांची पिशवी. हळू माणूस कधीच शेवटी नको. दम खायला पुढचे थांबतात आणि तो पोचला की लगेच निघतात, म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच मिळत नाही. तो आल्यावर पाच मिनिटं मोजून थांबा.

खाणं आणि पाणी

प्रत्येकी साडेतीन-चार लिटर पाणी धरा. टाकीतलं पाणी उकळून किंवा गोळी टाकून प्या. टाकी कोरडी असण्याची शक्यता उन्हाळ्याच्या अखेरीस जास्त. वाटेतल्या धरणांत उतरू नका. ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, पोहायला बंदी आहे.

एनर्जी जेलवर चार दिवस काढणारे काढोत बापडे. आम्ही दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-दाण्याचे लाडू नेतो. दशमी दोन दिवस छान टिकते. रात्री गॅसच्या छोट्या शेगडीवर मऊ भात, वर मेतकूट आणि तूप. कॅरिन्याच्या हटमध्ये एका वयस्कर ऑस्ट्रेलियन जोडप्याने वास घेत विचारलं, हे काय आहे? मेतकुटाला इंग्रजीत काय म्हणायचं यावर आमचे पाच जणांचे सहा तर्जुमे झाले. शेवटी त्यांना वाटीभर दिलं आणि विषय मिटला.

शेकोटीच्या भरवशावर स्वयंपाक आखू नका, शेगडीच हवी. वणव्याच्या इशाऱ्याचा दिवस असेल तर शेगडीलाही नियम लागू होतात, ते निघण्यापूर्वी पाहून घ्या. कचरा सगळा परत न्यायचा, संत्र्याच्या सालींसकट.

चिखल घासायचा ब्रश

ही गोष्ट नवे लोक हमखास टाळतात. या जंगलात डायबॅक नावाचा रोग आहे. मातीत राहणारा फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव मुळं कुजवतो. जॅरा, बँक्सिया, बलगा म्हणतात ती गवताचा झगा घातलेली काळ्या खोडाची झाडं, सगळी उभ्या जागी वाळतात. रोग झालेली जमीन बरी करायचा उपाय अजून नाही. आणि तो पसरतो ओल्या मातीबरोबर, म्हणजे तुमच्या टायरला आणि बुटाला चिकटून.

म्हणून पिशवीत एक ताठ ब्रश आणि ७० टक्के मेथिलेटेड स्पिरिटची फवारणीची बाटली. निघण्यापूर्वी घरी, आणि वाटेत जिथे सफाईची जागा किंवा पाटी दिसेल तिथे: आधी टायरच्या खाचांतली, बुटाच्या तळव्यांतली, पेडलमधली माती कोरडी खरवडायची, मग फवारा मारायचा. उलट क्रमाने केलं तर नुसता चिखल होतो आणि आत काहीच पोचत नाही. दर सायकलला चार मिनिटं लागतात, मी घड्याळ लावलंय. पावसात डबकी टाळून बाजूच्या झुडपातून नवी वाट पाडू नका, डबक्यातून सरळ जा.

साप, गोचिड्या आणि फोन

ऑक्टोबरात ड्युगाइट आणि टायगर हे दोन्ही विषारी साप उन्हाला वाटेवर येऊन पसरतात. लांबून दिसला तर थांबा, जाऊ द्या. प्रत्येकाकडे दहा सेंटीमीटर रुंदीच्या दोन ताणाच्या पट्ट्या हव्यात. चावला तर जखम धुवायची नाही, माणसाला चालवायचं नाही. आधी दंशावर, मग बोटांपासून वर पूर्ण हात किंवा पाय, मुरगळल्यावर बांधतो तितकी घट्ट पट्टी. काठीचा आधार, आणि ००० या आपत्कालीन क्रमांकाला फोन. ही पद्धत इथल्या सापांसाठी शिकवतात. गावाकडे घोणस चावल्यावर हीच करायला जाऊ नका.

फोनची रेंज बराच वेळ नसते. गटात एक पीएलबी, म्हणजे उपग्रहाला संकट कळवणारी डबी, हवीच. तिची सरकारी नोंदणी फुकट होते. फोनमध्ये इमर्जन्सी प्लस हे ॲप टाका, ते तुम्ही नेमके कुठे आहात ते दाखवतं. संध्याकाळी हटमध्ये गुडघ्यामागे, कमरेला, काखेत गोचिड्या बघायच्या. लाज सोडून एकमेकांच्या.

जाणं-येणं

ड्वेलिंगपहून पर्थला लोकल नाही. आम्ही आदल्या दिवशी एक मोठी गाडी सायकल-रॅकसकट ड्वेलिंगपला सोडून येतो, अंतर साधारण शंभर किलोमीटर. जाताना मिडलंडपर्यंत ट्रेन, आणि तिथून जुन्या रेल्वेच्या जागेवरच्या सायकलवाटेने स्वान व्ह्यू बोगद्यातून मुंडारिंगला चढता येतं. हा १८९६ चा बोगदा ३४० मीटर लांब आहे आणि आत गुडुप अंधार, दिवा हाताशी ठेवा. पण ही चढाई पहिल्या दिवसात दोन तास खाते, म्हणून आदल्या संध्याकाळी करून मुंडारिंगला मुक्काम केलेला बरा. कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी ट्रेनमध्ये सायकल चालत नाही.

ड्वेलिंगप १९६१ च्या वणव्यात जवळजवळ पूर्ण जळालं होतं. वाचलेल्या मोजक्या इमारतींत तिथलं हॉटेल होतं. आम्ही तिथे व्हरांड्यात बसून चिप्स मागवतो आणि सातारकर पहिली प्लेट एकटा संपवतो, तो त्याचा कायमचा हक्क आहे.

घरी आल्यावर सायकल लॉनवर धुवू नका, माती तिथेच राहते. आधी खरवडून कचऱ्यात, मग पाणी. मोजे वेगळ्या बादलीत भिजत घाला. पहिल्या पाण्याला रत्नागिरीच्या पावसाळ्यातल्या ओढ्याचा रंग येतो, तिसऱ्या पाण्यालाही थोडा उरतो.